दांडी कलली, म्हणजे नेमके काय झाले?

‘अंतराळयान चालवायचा खेळ आणलाय, त्याला कोणती जॉयस्टिक घेऊ?’ हा प्रश्न मुले दुकानदाराला विचारतात, थोरल्या भावाला विचारतात. विज्ञानाच्या शिक्षकाला मात्र सहसा कोणी विचारत नाही. खरे तर तो विचारायचा तो शिक्षकालाच. कारण त्याचे उत्तर किमतीत किंवा बटणांच्या संख्येत नाही, ते नववीच्या भौतिकशास्त्रात आहे: विस्थापन, वेग आणि त्वरण या तीन शब्दांत.

दांडी उजवीकडे दहा अंश कलवली. आता यंत्राने काय करायचे? एक, तेवढेच उजवीकडे सरकून थांबायचे. दोन, दांडी कललेली असेतो ठरावीक वेगाने उजवीकडे जात राहायचे. तीन, दांडी कललेली असेतो उजवीकडचा वेग वाढवत राहायचे. पहिल्या प्रकारात दांडी जागा ठरवते, दुसऱ्यात वेग, तिसऱ्यात त्वरण. हाताची हालचाल तीच, परिणाम अगदी निराळे. जॉयस्टिकचा शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास म्हणजे या तीन अर्थांमधल्या ओढाताणीचा इतिहास आहे, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

नवी मुंबईच्या शिक्षकांना यातले पहिले दोन प्रकार घराजवळच सापडतात. पाम बीच रस्त्यावर उभे राहून पश्चिमेकडे पाहिले की ठाण्याच्या खाडीपलीकडे ट्रॉम्बेचा डोंगर दिसतो. (मराठीत त्यालाही तुर्भे म्हणतात आणि खाडीच्या अलीकडे दुसरे तुर्भे आहेच, म्हणून येथे ट्रॉम्बे असेच लिहितो.) त्या डोंगराच्या पायथ्याशी भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. १९५६ साली तेथे ‘अप्सरा’ ही अणुभट्टी सुरू झाली, १९६० साली ‘सायरस’. या दोन्ही जुन्या भट्ट्या आता बंद झाल्या आहेत; पण भट्टी आली की तिच्यातून बाहेर पडणारे तीव्र किरणोत्सारी पदार्थ हाताळण्याचा प्रश्नही येतो, आणि तो आजही आहे. असा पदार्थ जाड काँक्रीटच्या भिंतींच्या खोलीत ठेवतात. भिंतीत शिसेयुक्त काचेची खिडकी असते. माणूस बाहेर उभा, पदार्थ आत. मग बाटली उचलायची कशी?

अमेरिकेतल्या अरगॉन प्रयोगशाळेत रेमंड गर्ट्झ याने १९४९ च्या सुमारास यावर तोड काढली. भिंतीच्या वरच्या भागातून आरपार एक नळी घ्यायची. बाहेरच्या टोकाला मूठ, आतल्या टोकाला चिमटा, आणि दोहोंमध्ये पोलादी फिती व तारा. बाहेर मनगट फिरले की आत चिमटा तेवढाच फिरतो. बाहेर हात वीतभर पुढे गेला की आतला हातही वीतभर पुढे. अशा जोडहातांचा उपयोग जगभरच्या अणुकेंद्रांत झाला. ट्रॉम्बेलाही ते वापरले गेले आणि पुढे भाभा केंद्राने स्वतः घडवले. यातली खरी गंमत अशी की आतल्या चिमट्याला बाटली जड लागली तर बाहेरच्या मुठीलाही ती जड लागते, कारण तारेचा ताण दोन्ही दिशांनी पोचतो. १९५४ साली गर्ट्झनेच तारांच्या जागी विजेच्या मोटारी बसवून तोच परिणाम साधला. आज खेळाच्या काही जॉयस्टिक हाताला हिसका देतात, त्यांचे मूळ या भिंतीआडच्या हातात आहे.

हा झाला जागा ठरवणारा दांडा. तो शिकवावा लागत नाही. लहान मूलही पाच मिनिटांत वस्तू उचलू लागते, कारण आपला हात जन्मभर हेच करत आलेला असतो.

आता दक्षिणेकडे, उरण तालुक्यात न्हावा-शेव्याला जाऊ. जवाहरलाल नेहरू बंदराचे उद्घाटन २६ मे १९८९ रोजी झाले. धक्क्यावर उंच क्रेनांची रांग आहे. क्रेनचालक वर, काचेच्या तळाच्या केबिनमध्ये बसतो आणि पायांखाली पाहत काम करतो. त्याच्या दोन्ही हातांशी एकेक लहान जॉयस्टिक असते. बहुतेक क्रेनांत डावीने केबिनसह वरचा गाडा जहाजाकडे किंवा धक्क्याकडे जातो आणि उजवीने कंटेनर वर-खाली होतो. येथे दांडीचा कल म्हणजे वेग. थोडी कलवली तर गाडा सावकाश जातो, पूर्ण कलवली तर भरधाव. सोडली की थांबतो.

गाडा थांबतो, पण त्याला टांगलेला कंटेनर थांबत नाही! भरलेल्या कंटेनरचे वजन तीस टनांपर्यंत असते, आणि दोरांना लटकलेला तीस टनांचा पेटारा म्हणजे आपल्या पाठ्यपुस्तकातला लंबक. दोराची लांबी २० मीटर धरली तर दोलनकाल सुमारे ९ सेकंद येतो. वर्गात सूत्रात आकडे घालून पाहावे. लंबकाच्या गणितात मुलांना नेहमी सुतळी आणि खडा भेटतो, एकदा कंटेनर भेटू द्यावा. या हेलकाव्याखाली माणसे आणि ट्रक असतात, तेव्हा तो मोडणे हे चालकाचे खरे कसब. त्याची एक सोपी युक्ती अशी: गाडा एकदम पूर्ण वेगाने न नेता आधी अर्धा वेग द्यायचा. कंटेनर मागे रेंगाळतो, मग झोका घेऊन पुढे येतो. अर्धा दोलनकाल, म्हणजे आपल्या उदाहरणात साडेचार सेकंद झाले की तो बरोबर दोरांच्या खाली आलेला असतो आणि त्याचा जमिनीच्या संदर्भातला वेग गाड्याच्या दुप्पट झालेला असतो. नेमक्या त्या क्षणी गाड्याला पूर्ण वेग द्यायचा. दोघांचे वेग जुळले, हेलकावा संपला! टेबलाच्या कडेवरून सरकवता येईल अशा पट्टीला दोरीने वजन टांगून हा प्रयोग वर्गात होतो. पहिल्या चार-पाच वेळा फसतो, मग हाताला ताल सापडतो.

विमानाची दांडी या दोन प्रकारांच्या अधेमध्ये बसते. पहिल्या विमानांना दांडी नव्हतीच. १९०३ साली राइट बंधूंचा वैमानिक पालथा पडून कंबरेने पंख मुरडत असे. पुढे त्यांनी बसायची सोय केली तेव्हा निरनिराळ्या कामांना निरनिराळे दांडे आले. सर्व हालचाली एका उभ्या दांड्यावर आणण्याची कल्पना फ्रान्समध्ये रुजली. रोबेर एस्नो-पेल्तरी याने १९०७ च्या आपल्या विमानात असा दांडा बसवला आणि त्याचे पेटंट घेतले. लुई ब्लेरियोने १९०८ मध्ये आपला प्रकार काढला आणि १९०९ साली तसल्याच विमानातून इंग्लिश खाडी ओलांडली. फ्रेंच वैमानिकांनी या वस्तूचे नाव ठेवले ‘झाडूचा दांडा’, आणि ते फ्रेंचमध्ये आजही चालते. इंग्रज वैमानिकांनी १९१० च्या आसपास ‘जॉयस्टिक’ म्हणायला सुरुवात केली. १९३२ च्या १५ ऑक्टोबरला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, त्या पस मॉथ विमानातही असाच दांडा होता.

विमानात दांडी बाजूला कलवली की पंखांवरच्या झडपा हलतात आणि विमान एका कुशीवर वळू लागते. किती वेगाने? हवा त्या वळण्याला विरोध करते, म्हणून क्षणभरात एक स्थिर वेग येतो. म्हणजे त्वरणाचा वेग करून देण्याचे काम हवा फुकटात करते. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढे हवाच नाहीशी होणार आहे. (८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालेल्या नवी मुंबई विमानतळावर येणाऱ्या एअरबस ए-३२० विमानांत ही दांडी वैमानिकाच्या कुशीला, लहानशी असते आणि तिला तारा नसून फक्त विजेचे संदेश असतात. मधला संगणक तिच्या कलाचा अर्थ लावतो. खेळाच्या जॉयस्टिकशी हिचे साम्य उगीच नाही.)

दांडी आणि यंत्र यांच्यातला धागा तोडला तो युद्धाने. १९४३ साली जर्मनांनी विमानातून रेडिओने वळवता येणारे बाँब वापरले. नेम धरणारा विमानात बसून लहानशा दांडीने दूरच्या बाँबला दिशा देई. त्यातल्या एकाने ९ सप्टेंबर १९४३ रोजी ‘रोमा’ ही इटालियन युद्धनौका बुडवली. दांडी आता केवळ विजेचा संदेश झाली होती.

एस्नो-पेल्तरी याचे नाव पुन्हा घ्यायला हवे. विमानाच्या दांड्याचा हा कर्ता पुढे अंतराळप्रवासाच्या गणितात रमला. १९२८ साली त्याने आंद्रे हिर्श या स्नेह्याबरोबर अंतराळविषयक संशोधनासाठी पारितोषिक सुरू केले. पहिले मिळाले ते हेरमान ओबेर्थ यांना. १९३० साली त्याने या विषयावर ग्रंथ लिहिला. ज्या माणसाने वैमानिकाच्या हाती दांडी दिली, त्यानेच जेथे त्या दांडीचा जुना अर्थ चालत नाही अशा प्रदेशाचे गणित मांडले. असा योग विज्ञानाच्या इतिहासात फार वेळा येत नाही.

त्या प्रदेशात यानाला आधार नाही. बाजूची छोटी रॉकेटे क्षणभर फुंकली की यान वळू लागते आणि वळतच राहते. थांबवायचे तर उलट दिशेने तितकेच फुंकावे लागते. न्यूटनचा पहिला नियम पाठ असणे वेगळे आणि हाताला तो सापडणे वेगळे. अमेरिकेच्या मर्क्युरी यानात १९६२ च्या २० फेब्रुवारीला जॉन ग्लेन पृथ्वीभोवती फिरले, तेव्हा स्वयंचलित नियंत्रणात बिघाड झाल्याने त्यांना यान हाताने सांभाळावे लागले. त्यांच्या उजव्या हाताशी एकच दांडी होती. ती पुढे-मागे आणि आडवी कलत असे, शिवाय स्वतःभोवती पिळताही येई. विमानात जे काम पाय करतात, ते या पिळण्यावर आले होते. आज बाजारात ‘पिळता येणारी’ जॉयस्टिक मिळते, तिची आजी ही.

त्याच १९६२ साली मॅसॅच्युसेट्सच्या एमआयटी या संस्थेत स्टीव्ह रसेल आणि त्याच्या मित्रांनी पीडीपी-१ या संगणकावर ‘स्पेसवॉर’ हा खेळ रचला. मध्ये तारा, त्याचे गुरुत्वाकर्षण, भोवती दोन याने. रॉकेट बंद केले तरी यान जातच राहते. खेळ संगणकाच्या पुढच्या पट्टीवरच्या बटणांनी चाले. कोपर अवघडून जात आणि पडदा एका बाजूला असल्याने एका खेळाडूचा फायदा होई. मग ॲलन कोटॉक आणि बॉब सॉन्डर्स यांनी संस्थेतल्या खेळण्यातल्या रेल्वेच्या मंडळाच्या सामानातून लाकडी डब्या बनवल्या. एका खटक्याने वळायचे, दुसऱ्याने रॉकेट पेटवायचे, आणि टॉर्पेडोचे बटण मुद्दाम आवाज न करणारे, म्हणजे शेजारी बसलेल्या शत्रूला कळू नये! संगणकीय खेळासाठी बनवलेल्या पहिल्या हातच्या नियंत्रकांत यांची गणना होते, आणि तो खेळ अंतराळयानाचा होता, हे विसरू नये.

चंद्रावर उतरणाऱ्या यानात मात्र अभियंत्यांनी निराळाच विचार केला. माणसाच्या हाताला त्वरण सांभाळणे अवघड जाते, तर मधे संगणक घालू. अंतराळवीराने दांडी कलवली की संगणक तिला ‘या वेगाने वळ’ अशी आज्ञा समजे आणि रॉकेटे हवी तशी फुंकून तो वेग साधे. दांडी सोडली की वळणे थांबवून यान आहे त्या स्थितीत धरून ठेवी. हवेने जे फुकट केले असते ते येथे संगणकाने केले. त्यातही एक बारकावा होता. कल आणि वेग यांचे नाते सरळ रेषेचे नव्हते: मध्याजवळ दांडी मवाळ, कडेला तिखट. त्यामुळे बारीक दुरुस्तीही जमे आणि गरज पडल्यास यान झटकन वळवताही येई. उतरण्याचा वेग कमीजास्त करायला डाव्या हाताशी एक खटका होता. एका टिचकीला सेकंदाला एक फूट. २० जुलै १९६९ रोजी नील आर्मस्ट्राँग यांनी दगडधोंड्यांनी भरलेले विवर ओलांडून यान पुढे नेले, ते या दांडीने आणि या टिचक्यांनी.

अंतराळातली दांडी चुकली तर काय होते, याचा दाखला १९९७ सालचा आहे. रशियाच्या मीर स्थानकाकडे प्रोग्रेस एम-३४ हे सुमारे सात टनांचे मालवाहू यान येत होते. नेहमी ते आपोआप जोडले जाई. २५ जून रोजी मात्र स्थानकप्रमुख वासिली त्सिब्लिएव यांना ते दुरून, दोन दांड्यांनी आणण्यास सांगितले होते. प्रोग्रेसवरच्या कॅमेऱ्याचे चित्र समोरच्या पडद्यावर दिसे. अंतर मोजणारा रडार त्या चाचणीत बंद ठेवला होता. खाली ढगाळ पृथ्वी, तिच्यावर मीरची लहानशी आकृती. यान किती लांब आहे आणि किती वेगाने येते आहे हे चित्रावरून समजेना. खिडकीतून पाहावे तर ते दिसेना. दिसले तेव्हा उशीर झाला होता. सेकंदाला सुमारे तीन मीटर, म्हणजे सायकलच्या वेगाने प्रोग्रेस येऊन ‘स्पेक्ट्र’ या कक्षावर आदळले. कक्षाला भोक पडून हवा बाहेर जाऊ लागली. तिघा अंतराळवीरांनी झडपेच्या दारातून गेलेल्या तारा तोडून-सोडवून तो कक्ष बंद केला, म्हणून ते वाचले. स्थानकाच्या विजेचा मोठा वाटा मात्र त्या तारांबरोबर गेला.

या अपघाताचे खापर सुरुवातीला दांडी धरणाऱ्यावर फोडले गेले. मला ते पटत नाही. समजा ब्रेकच्या रॉकेटांनी दर सेकंदाला सेकंदास ०.०५ मीटर इतका वेग कमी होतो. सेकंदाला ३ मीटर वेग असेल तर थांबायला एक मिनिट आणि ९० मीटर लागतील. वेग दुप्पट असेल तर अंतर चौपट, ३६० मीटर. म्हणजे ज्या क्षणी ब्रेक लावायचा तो क्षण अंतर आणि वेग या दोन आकड्यांवरून ठरतो, आणि हे दोन्ही आकडे त्या माणसाला मिळत नव्हते. त्वरण ठरवणारी दांडी हाती द्यायची आणि वेग दाखवायचा नाही, यात दोष हाताचा नव्हे.

आता टेबलावरच्या जॉयस्टिककडे येऊ. १९७७ सालच्या अटारीच्या यंत्राबरोबर आलेल्या दांडीत चार खटके होते. डावीकडे की उजवीकडे एवढेच तिला कळे. किती, ते कळत नसे. ‘किती’ कळण्याची सोय १९८१ साली आयबीएमच्या वैयक्तिक संगणकाला जोडायच्या खेळाच्या कार्डात होती. त्याची रचना मोठी शिकवण्याजोगी आहे. दांडीच्या बुडाशी दोन पोटेन्शियोमीटर, म्हणजे रेडिओच्या आवाजाच्या बटणासारखे बदलते रोधक. दांडी एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत नेली की रोध शून्यापासून १०० किलोओहमपर्यंत बदलतो. संगणकाला रोध मोजता येत नाही, पण वेळ मोजता येतो. म्हणून त्या रोधकातून एक लहान धारित्र प्रभारित होऊ द्यायचे आणि त्याला किती वेळ लागला ते पाहायचे. रोध शून्य असेल तर सुमारे २४ मायक्रोसेकंद, पूर्ण असेल तर सुमारे ११२४. दांडीचा कल असा काळात उतरे.

हे वर्गात सहज दाखवता येते. १०० किलोओहमचा पोटेन्शियोमीटर, ४७० मायक्रोफॅरडचे धारित्र, ९ व्होल्टची बॅटरी आणि डिजिटल मल्टिमीटर घ्यावा. धारित्रावरचा दाब ५.७ व्होल्टपर्यंत चढायला पूर्ण रोधाला सुमारे ४७ सेकंद लागतात, निम्म्या रोधाला निम्मे. धारित्राची जोडणी करताना त्याचे धन-ऋण टोक पाहावे. पोटेन्शियोमीटर सरळ प्रमाणात बदलणारा मागून घ्यावा. आवाजाच्या बटणातला पुष्कळदा तसा नसतो आणि मग आलेख वाकडा येऊन मुले गोंधळतात.

या पद्धतीची एक खोड होती. वेळ मोजायला संगणक मनात एक, दोन, तीन असे आकडे म्हणत बसे. संगणक वेगवान झाला की तेवढ्याच काळात जास्त आकडे म्हणे. नव्वदच्या दशकात वाशी-नेरुळच्या घरांत लॅमिंग्टन रोडवरचे सुटे भाग जोडलेले संगणक येऊ लागले, त्यांत ध्वनीच्या कार्डावरच पंधरा टाचण्यांचे हे तोंड असे. ‘विंग कमांडर’ (१९९०) किंवा ‘एक्स-विंग’ (१९९३) सुरू केले की आधी आज्ञा होई: दांडी वरच्या डाव्या कोपऱ्यात न्या, बटण दाबा, खालच्या उजव्या कोपऱ्यात न्या, बटण दाबा, मध्ये सोडा. पुष्कळांना तो वेळकाढूपणा वाटे. वास्तविक तेव्हा संगणक आपल्या स्वतःच्या वेगाने ही दांडी मापून घेत असे. १९९६ नंतर यूएसबी आली, मोजणी दांडीतच होऊ लागली आणि तो विधी मागे पडला.

तरी जुळवणी संपली नाही. स्प्रिंगवरची कोणतीही दांडी सोडल्यावर अगदी तंतोतंत मध्यावर येत नाही. समजा ती दोन टक्के एका बाजूला राहिली. जागा ठरवणाऱ्या दांडीत ही चूक दोन टक्केच राहते. वेग ठरवणारी असेल आणि पूर्ण कलाला सेकंदाला १ मीटर वेग असेल, तर एका मिनिटात यान १.२ मीटर सरकेल. त्वरण ठरवणारी असेल आणि पूर्ण कलाला दर सेकंदाला सेकंदास १ मीटर वाढ असेल, तर त्याच मिनिटात ३६ मीटर! फळ्यावर ही तीन उत्तरे एकाखाली एक लिहावीत. अंतराळाच्या खेळात मध्याजवळ थोडा ‘मृत पट्टा’, म्हणजे दांडी हलली तरी दुर्लक्ष करायचा भाग, का ठेवावा लागतो हे त्यातून आपोआप समजते. पट्टा शक्य तितका अरुंद असावा. फार रुंद केला तर बारीक दुरुस्ती करताना यान आधी ऐकतच नाही आणि मग एकदम उसळते.

म्हणून निवडताना पहिली पारख मध्याची. दांडी चारही बाजूंना नेऊन सोडावी आणि पडद्यावरचा ठिपका दरवेळी त्याच जागी येतो का ते पाहावे. पोटेन्शियोमीटर घासून झिजतो आणि जुना झाला की ठिपका थरथरतो. त्याऐवजी लोहचुंबक आणि हॉल संवेदक असलेली दांडी घेतली तर आत घासायला काही नसते. एडविन हॉलने १८७९ साली शोधलेला परिणाम तेथे कामाला येतो. लांब दांडी आणि बेताची कडक स्प्रिंग बारीक कामाला बरी. चांद्रयानासारखे ‘मध्ये मवाळ, कडेला तिखट’ नातेही बहुतेक खेळांत लावता येते, आणि ते लावावेच.

दुसरी पारख अक्षांची. यानाला वळण्याच्या तीन आणि सरकण्याच्या तीन अशा सहा स्वतंत्र हालचाली असतात. अपोलोच्या यानांत उजवी दांडी वळण्यासाठी आणि डावी सरकण्यासाठी असे. एकच घ्यायची असेल तर पिळता येणारी घ्यावी, म्हणजे वळण्याचे तीनही अक्ष एका हाती येतात. डाव्या हाताला काय द्यायचे, याबद्दल दुकानात विमानाचा थ्रॉटल पुढे करतात. तो जेथे ठेवाल तेथेच राहतो. खेळात संगणकाची मदत चालू असेल, म्हणजे दांडी वेग ठरवत असेल, तर हे सोयीचेच आहे. ‘एलिट डेंजरस’ (२०१४) या खेळात ही मदत चालू-बंद करता येते. मदत बंद केली की मात्र विसरलेला थ्रॉटल वेग वाढवतच राहतो. तेथे डावीकडेही सोडल्यावर मध्यावर येणारी दांडीच हवी. मुख्य इंजिनाचा जोर ठरवायला थ्रॉटल, जोडणीच्या बारीक कामाला मध्यावर येणारी दांडी, अशी माझी वाटणी आहे. दांडी कोपराच्या उंचीला आणि टेबलाला घट्ट बसवलेली असावी. सरकणाऱ्या बैठकीवर कितीही महाग दांडी वाया जाते.

शाळेत खर्च नको असेल तर युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या मार्टिन श्वायगर यांनी २००० साली आणलेला ‘ऑर्बिटर’ हा विनामूल्य कार्यक्रम आहे. तो खऱ्या गतिनियमांवर चालतो आणि साध्या जॉयस्टिकवरही चालवता येतो. दांडी हाती देण्याआधी मात्र एक स्टीलची थाळी आणि एक गोटी घ्यावी. थाळी दोन्ही हातांत धरून गोटी बरोबर मध्यावर थांबवायला सांगावे. थाळीचा कल येथे गोटीचे त्वरण ठरवतो. मुले आधी गोटी मध्यावर येईपर्यंत थाळी कललेलीच ठेवतात आणि गोटी पलीकडे निघून जाते. थोड्या वेळाने कोणीतरी ती मध्यावर यायच्या आधीच थाळी उलट कलवते. ज्याने हे केले त्याला विचारावे, उलट कधी कलवायचे हे तू कशावरून ठरवलेस?

पाण्याचा नळ आणि बादली घेतली तर मधला प्रकारही दाखवता येतो: तोटीचा कल पाणी चढण्याचा वेग ठरवतो, बंद केली की पातळी तेथेच. तीन-चार तासिकांत तिन्ही प्रकार होतात, संगणक लागतो तो शेवटच्या तासाला.

अलीकडे दांडीच नाहीशी होऊ पाहते आहे. ३१ मे २०२० रोजी डग हर्ली यांनी ड्रॅगन यान आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाजवळ नेताना काही वेळ ते हाताने चालवून पाहिले, ते काचेच्या पडद्यावर बोटांनी टिचक्या मारून. शुभांशु शुक्ला २०२५ च्या जूनमध्ये ज्या ड्रॅगनमधून गेले, त्यातही तसेच पडदे होते. जोडणी आपोआप झाली. त्या यानाच्या जोडणीचा सराव करून देणारा खेळ कंपनीने २०२० साली सर्वांसाठी खुला केला. एक टिचकी म्हणजे वेगात ठरावीक लहानशी भर. आणि अगदी जवळ आल्यावर वेग सेकंदाला ०.२ मीटरच्या आत आणावा लागतो. पडद्यावर अंतर आणि वेग हे दोन्ही आकडे सतत दिसत राहतात. मुलांना एकदा ते आकडे पाहून जोडणी करायला सांगावी, आणि मग एका कागदाने आकडे झाकून.